कप्तानाचा ठेका

स्टेडियमबाहेर जाळावर हलगी तापवताना भैरूमामांना कळेना, आज वाजवायची तरी कुणासाठी? सांगलीच्या बास्केटबॉल संघात यंदा पाचही गडी नवे. जुन्या प्रत्येकाला मामांनी वेगळा ठेका दिला होता. नव्यांची नावंसुद्धा अजून तोंडी बसली नव्हती. आणि सात वर्षं कप्तान असलेला इंद्रजित, ज्याला मालकांनी उन्हाळ्यात पुण्याच्या संघाला देऊन टाकलं, तो आज पुण्याची जर्सी घालून सांगलीविरुद्धच खेळणार होता.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला. दोन सेकंद उरले असताना पुण्याला एक फ्री थ्रो मिळाला आणि तो घ्यायला इंद्रजितच पुढे आला. त्याला बिचकवायला अख्खी गॅलरी बोंबलू लागली.

"मामा, बडवा की जोरात! चुकला पायजे त्यो!" शेजारच्या पुष्पाताई ओरडल्या.

मामांनी टिपरू उगारलं. इंद्रजितने नेहमीसारखा चेंडू तीनदा जमिनीवर आपटला, आणि मामांच्या हातांनी त्याच्याबरोबर तीन संथ ठोके दिले. सात वर्षं देत होते तसेच. इंद्रजितचे आवळलेले खांदे सैल पडले. चेंडू कड्याला न शिवता जाळीतून खाली आला.

सांगली हरली.

"काय केलंसा ओ मामा ह्ये?" पुष्पाताईंना रडूच फुटलं.

मामा आपल्या हातांकडे बघत राहिले.

"त्यो गेल्याचं मला पेपरातनं कळलं, ताई. ह्या हातांस्नी अजून कुणी सांगितलंच न्हाई."