लाल पट्टा

पुण्याच्या विमानात बसल्या बसल्या दिगंबर खानझोडेंनी सवयीने मनगट पुढे केलं. कुमुदताईंनी त्यावर लाल पट्टा बांधला, स्वतःला पांढरा. एकाची भीती दुसऱ्याच्या अंगात पाठवणारे हे पट्टे हल्ली प्रत्येक विमानात मिळत. तरीही दर वेळी कुमुदताई थरथरायच्या आणि दिगंबरराव मजेत पेपर वाचायचे. "हिची निम्मी भीती मी घेतो, तरी हिची ही दशा!" असं सांगून कालच नागपुरात, भाच्याच्या लग्नाआधीच्या साक्षगंधात, त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं.

विमान उडालं. हवाईसुंदरी वाकून म्हणाली, "काका, काकूंच्या पट्ट्यावर ताप दिसतोय. तुमचा पट्टा काढते. आजारी माणसाला दुसऱ्याची भीती देता येत नाही."

"दुसऱ्याची?"

"लाल पट्टा भीती देणाऱ्याचा असतो ना, काका."

पट्टा सुटला. विमान हेलकावलं आणि दिगंबररावांनी डोळे मिटून खुर्चीचे हात गच्च धरले. शेजारी कुमुदताई, अंगात ताप असूनही, निवांत ढग बघत होत्या.

थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ती मुलगी गेली. बांधू का परत?"

नको म्हणायला दिगंबररावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात विमान पुन्हा हेलकावलं, आणि त्यांनी मान खाली घालून मनगट पुढे केलं.