तिचे हात कुणीकडे होते

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. खोली कसली, बादल्या-झाडू ठेवायची जागा. एक बाक, एक टेबल, टेबलावर चहाचा मग आणि एक कोरा कागद. आणि बाहेरून कुणीतरी मुठीने दार बडवतंय.

"ऑर्मरॉड! डोळे घरी ठेवून आला होतास काय?"

आत बसला होता डेनिस ऑर्मरॉड. वय बासष्ट. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या या मैदानावर एकतीस वर्षं पंच. बाहेर होती ग्वेन्डा प्रॉक्टर, थॉर्नशॉच्या मुलींची प्रशिक्षक. बारा वर्षांखालच्या मुलींचा रग्बी लीगचा अंतिम सामना तिचा संघ नुकताच दोन गुणांनी हरला होता. अगदी शेवटच्या मिनिटाला समोरच्या बेकसाइड संघाने चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, आणि त्याआधीचा पास पुढे गेला होता, असं ग्वेन्डाचं म्हणणं.

या खेळात चेंडू घेऊन पुढे पळावं, पण हाताने देताना तो मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. पुढे दिला की शिट्टी. ऑर्मरॉडने शिट्टी वाजवली नव्हती.

"व्हिडिओ तरी बघ, मेल्या!"

"बघितला. सतरा जणांनी नाकाखाली धरला." ऑर्मरॉड दाराकडे न बघताच ओरडला. "व्हिडिओवरून पुढचा पास ठरत नाही, ग्वेन्डा. तुला नियम माहीत आहे."

"नियम माहीत आहे. तुला लाज माहीत आहे का?"

पावलं आपटत ती गेली. ऑर्मरॉडने कागद पुढे ओढला. तो पंचाचा अहवाल होता. पाच वाजता सही झाली की कप बेकसाइडचा, कायमचा. सहीआधी पंचाने स्वतःची चूक लिहून दिली, तर सामना पुन्हा खेळवायचा, असा या लीगचा रिवाज. एकतीस वर्षांत त्याने तसं कधी लिहिलं नव्हतं. पाचला दहा मिनिटं होती.

तेवढ्यात दार उघडलं. न विचारता.

अकरा-बारा वर्षांची मुलगी आत आली. केस ओले, गुडघ्यापर्यंत लांब काळा कोट. अंघोळ झाली की दोन्हीकडच्या मुली असेच कोट घालून हिंडतात. मैदानावर डोक्याला जाड टोप आणि तोंडभर चिखल असतो, त्यामुळे पंचाला चेहरे कधी ओळखू येत नाहीत. ही मात्र रडून आली होती, हे कुणालाही ओळखता आलं असतं.

"तो पास पुढे गेला होता," ती म्हणाली.

"आता पोरींना पाठवायला लागली का ग्वेन्डा?"

"मला कुणी पाठवलं नाही. पास पुढे गेला होता. कप चुकीच्या संघाकडे गेलाय."

तिने मोबाइल टेबलावर आपटला. पडद्यावर तोच व्हिडिओ, कुणाच्या तरी वडिलांनी काढलेला. मैदानावरच्या एका आडव्या पांढऱ्या रेषेवर चेंडू एकीच्या हातातून सुटतो आणि रेषेच्या हातभर पुढे दुसरीच्या हातात पडतो.

ऑर्मरॉड चिडला होता, पण समोर लहान मूल होतं. मुलांना शिकवताना त्याचा आवाज आपोआप खाली येई. त्याने बाकाखालचा चेंडू काढला.

"बघ, बाळ." भरभर चालत त्याने चेंडू सरळ वर उडवला आणि दोन पावलांवर झेलला. "मी पुढे फेकला?"

"नाही. वर."

"आणि खाली आला कुठे?"

"दाराजवळ."

"का? मी चालत होतो म्हणून. माझा वेग चेंडूलाही मिळाला. पळणाऱ्या मुलीने मागे दिलेला चेंडूसुद्धा रेषेच्या पुढे जाऊन पडतो. रेषा जागची हलत नाही, कॅमेरा हलत नाही, आणि दोघं मिळून आपल्याला फसवतात. मोठमोठ्या सामन्यांतसुद्धा व्हिडिओवाले याला हात लावत नाहीत, ते काय उगीच?"

मुलीने पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग बघायचं काय?"

"हात. सोडताना कुणीकडे वळले ते."

"व्हिडिओत हात दिसतात?"

"नाही. पास देणारीची पाठ आहे कॅमेऱ्याकडे."

"तुम्हाला दिसले?"

ऑर्मरॉडचे कान तापले. "मध्ये दोघी आल्या."

"म्हणजे नाही दिसले."

"पोरी, तोंड सांभाळून बोल!"

"म्हणजे नाहीच दिसले!" तिने टेबलावर मूठ मारली. मगमधला चहा हिंदकळला. "सगळे नुसते ओरडतात! तुम्ही ओरडता, त्या बाई ओरडतात, आमचे सर म्हणतात गप्प बस. कुणी ऐकूनच घेत नाही!"

"ऐकून काय घेऊ? हरल्यावर सगळ्यांनाच पास पुढे गेलेला दिसतो!"

"मी हरले म्हणून नाही आले!"

"मग कशाला आलीस? नाही दिसले मला तिचे हात! झालं समाधान? न दिसल्यावर शिट्टी वाजवायची नसते, असं शिकवलंय आम्हाला." त्याने पेन उचललं. "हात कसे होते, ते फक्त पास देणारीलाच ठाऊक. आणि ती काय इथे येऊन मला सांगणार आहे?"

 मुलीने खिशात हात घातला आणि अर्ध्या तासापूर्वी बेकसाइडच्या मुलींच्या गळ्यात पडलेल्या पदकांपैकी एक कोऱ्या कागदावर ठेवलं. मग दोन्ही हात त्याच्यासमोर धरले आणि मनगटं पुढे वळवून दाखवली.

"असे होते, सर. लिहा आता."