डॉक्टरांची फियाट

गप्पांत लूना झाली, एम-एटी झाली, दुसरा पाहुणा निशिकांत याच्या मामाची राजदूतही झाली, तरी मुकुल फियाटवर काही येत नव्हता. सुचित्रा समोर बसून वाट बघत होती. त्यासाठीच तर तिनं त्याला जेवायला बोलावलं होतं.

मुकुल हा तिच्या नवऱ्याचा, मनोहरचा, साताऱ्याच्या शाळेतला वर्गमित्र. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीस वर्षांनी सगळे सापडले, त्यात हाही सापडला. कंपनीच्या कामाला सिंगापूरला येतोय म्हणाला. मनोहरला तो घरी नकोच होता. बाहेर कुठंतरी कॉफी पिऊ, असं चाललं होतं त्याचं. सुचित्रानंच मग त्याच्या फोनवरून इथल्या, सेंगकांगच्या फ्लॅटचा पत्ता धाडला. जुन्या गोष्टी कशाला उकरतेस, तुलाच त्रास होईल, असं मनोहर दोन दिवस सांगत होता. ती ऐकणार नव्हती. एरवी पाहुण्याला गरम पोळी वाढल्याशिवाय तिला चैन पडत नसे, पण या माणसासाठी तिनं कणीकही मळली नव्हती. खालच्या फूड कोर्टातून नूडल्सचे डबे आणवले होते. तेही याला फार झाले, असं तिला वाटत होतं.

मुकुलनं तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? शाळेत ती संजीवनी होती. दोन वेण्यांची, चष्मा नसलेली. लग्नात मनोहरनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘सुचित्रा’ असं लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लग्न पुण्यात झालं, तेव्हा मुकुल दिल्लीत नोकरीला होता. आणि आपली बायको साताऱ्याचीच, आपल्याच वर्गातली, हे मनोहरनं ग्रुपवर अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्यासाठीच गं, म्हणायचा.

दहावीत असताना संजीवनी वडिलांची फियाट घेऊन शाळेत यायची. डॉक्टरांनी स्वतः शेजारी बसून तिला शिकवली होती. लायसन्सचं वय नव्हतं, पण दवाखान्याची पायरी सगळ्यांनाच चढावी लागायची, त्यामुळे गावात कुणी ब्र काढत नसे. मुलं बापाच्या लूनावरून धडपडत असताना ही स्टीअरिंगखालचा गिअर टाकून, शाळेच्या अरुंद गल्लीतून गाडी उलटी बाहेर काढायची. मग एक दिवस कुणीतरी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, की तुमची मुलगी संध्याकाळी कुणा मुलाला गाडीत घालून किल्ल्याकडे जाते. धादांत खोटं. डॉक्टरांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. किल्ली काढून घेतली, शाळेतून नाव काढलं आणि तिला कराडला मावशीकडे टाकलं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. घरी बसून बी.ए. झालं आणि मग लग्न. स्टीअरिंगला तिचा हात पुन्हा लागला नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं हे सगळं मनोहरला रडत रडत सांगितलं होतं. तो म्हणाला, सांगणारा मुकुल. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी. निदान नवऱ्यानं तरी आपल्याला खरं काय ते सांगितलं, एवढ्यावर तिनं पुढं त्याचं बरंच काही पोटात घातलं. सिंगापूरला आल्यावर ती एकदा म्हणाली, आता लायसन्स काढते. तो म्हणाला, कशाला? खाली एलआरटीचं स्टेशन आहे की. तेही तिनं पोटात घातलं. राग सगळा मुकुलवर ठेवला आणि इतकी वर्षं तो विझू दिला नाही.

“पण तुमच्यात कार कुणाकडेच नव्हती का?” निशिकांतनं विचारलं. तो मनोहरच्या ऑफिसातला, पुण्याचा, राहायला तोआ पायोहला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नूडल्स गार होतायत, मनोहर म्हणाला. निशिकांतला त्यानं उगाचच फुटबॉलचं काहीतरी विचारलं.

पण मुकुल खुलला होता. एकीच्या घरी होती ना, म्हणाला. डॉक्टरांची पांढरी फियाट. काय चालवायची ती पोरगी! हॉर्न वाजला की आम्ही सगळे गॅलरीत. तो हसत होता, हातानं गिअर टाकून दाखवत होता. सुचित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्य नासवलं आणि वर कौतुक सांगतोय मेला.

“आणि तिच्या वडिलांना जाऊन खोटं सांगितलं, ते कुणी?” तिनं विचारलं. आवाज असा चढला होता, की निशिकांतनं हातातला काटा खाली ठेवला.

मुकुलला तिचा राग कळला नाही. त्याला वाटलं, वहिनींना अर्धीच गोष्ट माहीत आहे.

“मन्या, लेका, तू सांगितलं नाहीस होय यांना?”

जाऊ दे ना रे, मनोहर म्हणाला. पोरवयातलं काय घेऊन बसलास.

“वहिनी, हाच गेला होता,” मुकुल म्हणाला. “खोकल्याचं औषध आणायच्या निमित्तानं. का, तर तिनं याला गाडीत बसवलं नाही. आम्ही वर्षभर बोलत नव्हतो याच्याशी. आता हसू येतं, पण तेव्हा फार वाईट वाटलं होतं. ती पोरगी पुढं कुठं गेली, कुणाला कळलंच नाही.”

मनोहर डब्यातल्या नूडल्स ढवळत राहिला.

लग्न झाल्यापासून सुचित्रानं नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती.

“मन्या,” ती म्हणाली, “सांग त्यांना, संजीवनी कुठं गेली ते.”