शॅमरॉकचं पाकीट

सेंट पॅट्रिकचा सण जवळ आला की आमच्या आयरिश गावातून परदेशी गेलेल्या पोरांना शॅमरॉकची हिरवी पानं टपालाने जातात. डोनल आपल्या मेलबर्नच्या लेकीला पानांसोबत एक पाचकळ विनोदही धाडायचा, पण त्यातला फक्त प्रश्न. उत्तर हवं असेल तर तिने सणाच्या दिवशी घरी फोन करायचा.

"उत्तरही लिहून टाक की एकदाचं," त्याची बायको नूला दर वर्षी म्हणायची.

"मग ती फोन कशाला करेल?"

यंदा पाकीट चिकटवायच्या आधी नूलाने चिठ्ठी वाचली. 'सेंट पॅट्रिकने सगळे साप देशाबाहेर हाकलले, तेव्हा जाताना एकानेही निरोपाचा हात का हलवला नाही?'

खाली डोनलच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'हात होते कुठे?'

नूला हसली नाही. पाकीट तसंच उघडं ठेवून ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"डोनल, मंगळवारी डॉक्टर काय म्हणाले ते आता खरं सांग."