न लावलेली डिस्क

हे लिहून ठेवायचं मितेशने जवळजवळ रद्दच केलं होतं. वाचणारा आधी हसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या रीमाताईच्या हळदीचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. व्हिडिओ एडिटिंगचं त्याचं पहिलंच काम. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये त्याने यूट्यूब बघून नवा कॉम्प्युटर जोडला होता, फक्त आत डिस्क लावायची बाकी होती.

"एसएसडीच घे. हार्ड डिस्क म्हणजे बैलगाडी," मित्र अल्पेश म्हणाला.

"व्हिडिओला बैलगाडीच लागते रे. माल जास्त मावतो."

भांडता भांडता मितेशने सहज मशीन चालू केलं. स्क्रीनवर एक डिस्क दिसली. कंपनीचं नाव नाही. खाली किती जागा भरली ते दाखवणारी पट्टी, तीही जवळजवळ भरलेली.

मितेशने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये हात घालून चाचपलं. डिस्कच्या जागी नुसती हवा.

"भाई, फुकटात डिस्क! पार्टी दे!" अल्पेश ओरडला.

पट्टी किंचित पुढे सरकली.

"आयला, हलली!"

पुन्हा सरकली. दोघं गप्प झाले, तशी तीही थांबली.

"अल्प्या, आपण बोलतो ते आत भरतंय," मितेश कुजबुजला. तेवढंही भरलं.

त्याने प्लग उपटला. स्क्रीन चालूच राहिली.

आता पट्टीत नखाएवढी जागा उरली होती. अल्पेशने घाम पुसत मोबाइलवर टाइप केलं, "भरली तर काय होईल माहीत नाही. तोंड उघडू नकोस. वचन दे."

मितेशने त्याचा हात घट्ट धरला आणि सवयीने मोठ्याने म्हणाला, "आईशप्पथ, एक शब्द बोलणार नाही."