मंडईतली ओळख

नवी साडी नेसून कुमुदताई मंडईतल्या बायकांच्या घोळक्यात मुद्दाम गप्प उभ्या होत्या. अपघातानंतर त्यांच्या यजमानांना, अच्युतरावांना, चेहरेच ओळखू येत नसत. बायकोलाही ते आवाजावरून ओळखत.

काल डॉक्टरांनी त्यांच्या कानामागे यंत्र बसवलं होतं. "तुम्हाला उमगत नसलं, तरी मेंदू चेहरा ओळखतो," ते म्हणाले होते. "माणूस जितकं जवळचं, तितकं हे जोरात थरथरेल."

अच्युतराव भाजी घ्यायला आले. कुमुदताईंनी त्यांच्याकडे चेहरा वळवला. ते पुढे गेले, थबकले आणि कानामागे हात लावत वळले.

"माफ करा बाई, ओळखलं नाही," ते संकोचून म्हणाले, "पण तुम्ही माझ्या फार जवळच्या असणार. कोण आपण?"

कुमुदताईंना हसू आवरेना. "अहो, तुमच्याच घरची! धरा ही पिशवी."