आधी नोमानची पाळी

कामतघरच्या स्वमग्न मुलांच्या शाळेत २००७ साली टीव्हीला जोडायची डान्स मॅट आली. टीव्हीवर बाण दिसला की मॅटवरच्या त्याच बाणावर पाय मारायचा. खेळता खेळता मुलं थांबायला, एकमेकांशी बोलायला शिकतील, अशी ऋतिकाबाईंची आशा. वर्षभरात एकाही मुलाशी न बोललेल्या नोमानला त्यांनी नीट समजावलं, "आधी तुझी पाळी, मग भाविकची पाळी."

सकाळी दहाला मॅटवर चढलेला नोमान एक वाजला तरी उतरेना. बाईंनी वैतागून टीव्ही बंद केला, तरी याचे पाय चालूच. भाविकने रडून शाळा डोक्यावर घेतली.

नोमानला न्यायला आलेल्या त्याच्या आईने, शकिलाने, लेकाची तक्रार ऐकून घेतली आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही त्याला 'पाळी' बोललात काय? ह्याचे अब्बा पावरलूमवर कामाला हायत. आमच्याकडं पाळी बारा घंट्याची असते."

बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात नोमानने, पाय न थांबवता, पहिल्यांदाच भाविककडे नीट पाहिलं.



"रडू नको. तुझी रात्रपाळी हाय. डबा घेऊन ये."